आपा, साज जोडीचाच जातो

आपा, आधी ऐकून घे, मग रागव. पोळा तोंडावर आलाय. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, गोंड्यांच्या लडी छताला टेकल्यात, सकाळी आणलेली पॅकिंगची टेप दुपारीच संपली. आणि मी हे सगळं सोडून तुझ्या रिकाम्या स्टुलासमोर बसून लिहिते आहे, कारण उद्या सकाळी मला एका कंपनीला हो किंवा नाही सांगायचंय, आणि ती गोष्ट माझी नाही, तुझी आहे. त्यांना तुझा आवाज पाहिजे.

हो, आवाज. मुंबईची मोठी कंपनी आहे. आपले गोंडे, झुली, घुंगरमाळा त्यांच्या ॲपवर साऱ्या देशात विकायच्या म्हणतात. आणि पोळ्याआधी गिऱ्हाइकांना जो फोन तू करायचीस, तो त्यांचं मशीन करणार, तुझ्याच आवाजात. आपल्या जुन्या व्हिडिओंमधून त्यांनी तुझा आवाज बनवून पण पाठवलाय. तुला मातीत ठेवून महिना होत आला, आणि काल तू माझ्या फोनमधून बोललीस. मला रात्रभर झोप नाही. दुःखानं नाही म्हणत, खोटं कशाला बोलू. अंगात वारं भरल्यासारखं झालंय.

लिहायला बसलं की माझी भाषा शाळेतल्या बाईंसारखी होते, तू हसशील. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना पण तशीच व्हायची, आणि तू समोरून म्हणायचीस, "हे पोट्टी फोन उचलला का पुन्याले पोचते." पोचू दे. आज मला सगळं नीट सांगायचंय, आणि वऱ्हाडीत सांगायला लागले तर रडायला येईल.

तुझी-माझी पहिली भेट भांडणातच झाली. मी तेव्हा रिसोडला कुरिअरच्या ऑफिसात खिडकीवर बसायची. केनवडहून सकाळच्या गाडीनं यायचं, पार्सलं तोलायची, पावत्या द्यायच्या, संध्याकाळी परत. तू आलीस ती काखेत हे एवढं गाठोडं घेऊन. मी विचारलं, यात काय आहे? तू म्हणालीस, "बैलाचे कपडे." मागची माणसं हसली. मी म्हटलं, किंमत काय लिहू? तर तू खिडकीत डोकं घालून मलाच विचारलंस, "तुह्या बापाकडे बैल हायेत का?" मी म्हटलं, आहेत. "मंग त्याले इचार किंमत."

मला राग आला आणि गंमत पण वाटली. गाठोडं सोडायला लावलं, नियमच होता. आतून लाल मखमलीची झूल निघाली, काठाला कवड्या, मधे आरशांचं फूल. खिडकीवरचं भांडण तिथंच थांबलं. मागे उभा असलेला एक म्हातारा पुढे येऊन झुलीवर हात फिरवून गेला. मी विचारलं, कुठं पाठवता एवढी? तू म्हणालीस, "यवतमाळकडे एक बुढा हाय. त्याच्या गावात आता दोनच जोड्या उरल्या. तथच्या बजारात साज आनतच नाही कोनी. कोनाच्या तरी हातानं नंबर घेतला आन मले फोन केला, म्हने, आपा, पाठवते का?"

आपा, मी तुला हे कधी नीट सांगितलं नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे झालं ना, ते आजही आठवलं की मी उठून उभी राहते. सगळे म्हणत होते की बैल संपले, ट्रॅक्टर आले, गोंडेवाल्यांचा धंदा बसला. तुझ्या सासऱ्याच्या काळात तुमच्या गल्लीत घरोघर गोंडे वळायचे, आणि आता तू आणि चारदोन बाया. बरोबरच होतं ते. एका गावात दोन जोड्या असतील तर त्या गावासाठी दुकान कोण मांडेल? पण अशी गावं किती. प्रत्येक गावातल्या दोन-दोन जोड्या, साऱ्या वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, एका जागी उभ्या केल्या तर केवढा मोठा पोळा भरेल. आणि ती जागा म्हणजे फोन. बाजार संपलेला नव्हता, तो पांगला होता. मी खिडकीतूनच हे तुला सांगायला लागले, रांग ओरडायला लागली, आणि तू म्हणालीस, "पोरी, चहा पिऊन बोल. दुकानात ये."

मी गेले ती आलेच नाही परत. खिडकीची नोकरी सुटली. घरी बापू म्हणाले, बैलाचे कपडे विकायला बी.कॉम. केलं का. तू स्वतः केनवडला आलीस, आमच्या गोठ्यात उभी राहून बापूंच्या लाल्या आणि हऱ्याला पाहिलंस, आणि बापूंना एवढंच म्हणालीस, "भाऊ, पोरगी भांडखोर हाय. मले अशीच पाहिजे."

पहिल्या वर्षीचा फॉर्म आठवतो? फोनवर भरायचा फॉर्म मी बनवला होता आणि त्यात एक ओळ तू घालायला लावलीस: साज कोणासाठी, नाव लिहा. दुसऱ्या कुठल्या माणसानं तिथं स्वतःचं नाव लिहिलं असतं. आपल्या गिऱ्हाइकांनी बैलांची नावं लिहिली. आणि मी ती तशीच्या तशी पार्सलांवर छापली. कुरिअरमध्ये काम केलेली मी, पण मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. आमच्या घरी पण पोळ्याचा साज लाल्या-हऱ्याचाच असतो, बापूंचा थोडाच असतो. पार्सलं गेली, आणि मानोऱ्याकडून कुरिअरच्या गाडीवाल्याचा फोन आला. "म्याडम, हा बादशा कोन हाय? तांड्यावर बादशा कोनाचं घर म्हनून इचारलं तं सारे हासून राह्यले मायावर."

तू माझ्या हातातून फोन घेतलास आणि त्याला म्हणालीस, "भाऊ, बादशा गोठ्यात असन. त्याच्या हातात देजा." आणि तो बिचारा खरंच गोठ्यात गेला. मालकानं फोटो काढून पाठवला: बादशा पार्सल हुंगतोय, बाजूला वजीर मान वळवून पाहतोय, आणि पार्सलावर छापलेलं, श्री. बादशा व वजीर, तांडा, तालुका मानोरा. तो फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून फोन, आमच्या बैलाचंबी नाव टाका. मी फॉर्म दुरुस्त करायला बसले होते. तू म्हणालीस, "खबरदार." आणि तेव्हापासून आपलं प्रत्येक पार्सल बैलाच्या नावानं जातं. पैसे टाकून जाहिरात करणाऱ्यांना जे जमलं नाही ते आपल्या एका चुकीनं केलं, हे मी काल मुंबईच्या कंपनीच्या बाईंना सांगितलं तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग ते आले. वेगळी कंपनी, पण तिचाही पसारा मोठा. त्यांच्या ॲपवर पोळा स्पेशल झूल, मशीनवर शिवलेली, आपल्या निम्म्या भावात. वर लिहिलेलं, बैलाचं नाव छापून मिळेल. आपली चूक पण चोरली त्यांनी. तू असली तापलीस की त्या दिवशी दोन वेळा चहा उतू घालवलास. "भाव पाड," म्हणालीस, "त्यांच्याहून खाली पाड." मी म्हटलं, आपा, भावात भिडलो तर ते वर्षभर नुकसान सोसतील आणि आपण पोळ्यापर्यंत पण टिकणार नाही. तू म्हणालीस, मग काय हातावर हात ठेवून बसायचं? मी म्हटलं, नाही. त्यांची झूल मागवू.

किती हसलो होतो आपण ते पार्सल फोडताना. तू झूल हातात घेतलीस, आतून बाहेरून चाचपलीस, आणि काहीही न बोलता बादलीत बुडवलीस. पाणी लालभडक. मी म्हटलं, असं नाही, बैलावर दाखवू. पोळ्याच्या दिवसांत पाऊस कुठं चुकतो. केनवडला नेऊन ती ओली झूल आमच्या पांढऱ्याशुभ्र हऱ्याच्या पाठीवर टाकली, थोड्या वेळानं काढली, तर हऱ्या गुलाबी. बापू वावरातून आले ते काठी घेऊनच. "माह्या बैलाले होळी खेळवली का तुमी?" आणि व्हिडिओत तुझा आवाज, अगदी शांत: "घाबरू नका भाऊ, हे आमची नाही, त्यांची झूल हाय." कंपनीचं नाव घेतलं नाही, दाखवलं पण नाही. घ्यायची गरजच पडली नाही. लोकांनी त्या व्हिडिओखाली आपापल्या गुलाबी बैलांचे फोटो टाकले.

पण खरी लढाई आपण तिथं जिंकलो नाही, हे तुलाही माहीत होतं. ती जिंकलो ऑर्डरी बंद करून. ती कल्पना माझी होती, आणि तू त्या कल्पनेच्या विरोधात दोन दिवस तोंड फुगवून बसली होतीस. मी खिडकीवर बसलेली बाई. मला ठाऊक होतं की सणाच्या आधी पार्सल कुठं अडकतं, कुठल्या गावाला गाडी एक दिवसाआड जाते. म्हटलं, पोळ्याआधी पोचणार नसेल तर ऑर्डर घ्यायचीच नाही. दारावरचं गिऱ्हाईक परत पाठवायचं. तू म्हणालीस, "दुकानदाराच्या घरी असं बोलत नाहीत, पाप लागते." मी तरी बंद केलं आणि लिहून टाकलं, आता पोचणार नाही, पुढल्या साली लवकर या. समोरची कंपनी शेवटच्या दिवसापर्यंत ऑर्डरी घेत राहिली. त्यांच्या झुली पोळा फुटून गेल्यावर गावोगाव पोचल्या. बैल धुऊन, सजवून, पुरणपोळी खाऊन गोठ्यात बसलेले, आणि दारात पार्सल. पुढच्या वर्षी आपल्याकडे आखाडातच फोन सुरू झाले. तू एकदाही म्हणाली नाहीस की कांचन, तुझं बरोबर होतं. फक्त माझ्यासाठी केनवडच्या गाडीची वेळ झाली की दुकानाबाहेर येऊन उभी राहायला लागलीस. मला तेवढ्यानं कळलं.

आणि तुझे फोन. इथंच सगळं अडलंय, म्हणून सांगते.

पोळ्याच्या आधी तू त्या बटणाच्या फोनवरून एकेकाला लावायचीस. "हॅलो, रिसोडहून आपा बोलते. बादशा कसा हाय?" साज घेता का, असं नाही. बादशा कसा हाय. आणि मग ऐकायची. बादशाचा खूर दुखतो, वजीर यंदा नांगराला अडतो, सोयाबीन पिवळं पडलं, सून बाळंत झाली. चहावर साय धरायची. मी म्हणायची, आपा, एक मेसेज टाकला तर साऱ्यांना एकदम जाईल. तू म्हणायचीस, "मेसेज बैल वाचत नाही." आता यावर काय वाद घालायचा? तू वाद जिंकायचीस ते असंच, समोरच्याला हसवून. मला ते खपायचं नाही.

एक वाद मात्र तू तसा जिंकली नव्हतीस. तो तसाच राहिला, आणि आपण दोघींनी त्याला नंतर हातच लावला नाही.

तुझा एक नियम होता, साज जोडीचाच जातो. एक झूल, एक गोंडा विकायचा नाही. शहरातल्या एका बाईंना भिंतीवर लावायला एकच झूल पाहिजे होती, त्यांना तू सांगायला लावलंस, भिंतीला दोन बाजू असतात, दोन घ्या. त्यांनी घेतल्या पण. इथवर मला काही अडचण नव्हती. पण किन्हीराजा गावच्या देवरावकाकांचा एक बैल गेला. त्यांनी ऑर्डर दिली, एकाचाच साज पाठवा. मी एकाचा बांधला. तू पार्सल सोडलंस आणि दुसरा टाकलास, तसाच, फुकट. वर फोन करून सांगितलंस, "काका, दुसरा खुंटीले टांगून ठेवजा. खाली उतरवजा नको."

मी तुटून पडले तुझ्यावर. म्हटलं, आधीच बैल कमी होताहेत, गिऱ्हाईक कमी होतंय, आणि आपण असा माल वाटतोय? समोर एवढी मोठी कंपनी उभी आहे. याला धंदा म्हणतात का? तू म्हणालीस, "त्याची जोडी देवानं मोडली. मी कायले मोडू?" मी म्हटलं, मेलेला बैल घालणार आहे का तो साज? तू गोंडे वळत राहिलीस. आणि मी पण माघार घेतली नाही, आपा. मला वाटत होतं आणि आज सकाळपर्यंत वाटत होतं, की माझं बरोबर होतं. दया वेगळी, दुकान वेगळं.

मग तू आजारी पडलीस. त्याबद्दल मी लिहिणार नाही. वाशीमच्या दवाखान्यात शेवटचं बोललीस ते मला आठवतं. नळ्या लावलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, आणि मला विचारलंस, "टेप आनली का?" मी म्हटलं, आणली. खोटं बोलले, आणली नव्हती. बाहेर येऊन आधी टेप घेतली. मला वेड्यागत वाटलं की टेप आणली तर तू घरी येशील.

तुझ्या घरी बायांमध्ये बसले होते त्या दिवशी. सगळ्या रडत होत्या आणि मला राहून राहून वाटत होतं की तुला काहीतरी सांगायचं राहिलंय, मोठं काहीतरी. नंतर कळलं, काही मोठं नव्हतं. एवढंच की तू नसतीस तर मी अजून त्या खिडकीत बसून दुसऱ्यांची पार्सलं तोलत असते. आणि मला माझं भांडण आवडणारं माणूस दुसरं कोणी भेटलं नसतं. घरात, सासरी, कुठंही बाई भांडली की लोक म्हणतात, गप बस. तू म्हणायचीस, बोल पुढं.

तुझ्या इम्राननं चाळिसाव्या दिवसाची पण वाट पाहिली नाही, तुझा बटणाचा फोन आणून माझ्या हातात दिला. "अम्मीचा फोन तू ठेव. सारे नंबर तुलेच माहीत हायेत." मी तो चार्ज करून ठेवला आणि हात लावला नाही. गमतच नव्हतं, आपा, कशातच जीव लागत नव्हता. दुकानात सगळं होतं, ऑर्डरी होत्या, बाया गोंडे वळत होत्या, आणि मला गमत नव्हतं.

तेवढ्यात काल कंपनीच्या बाईंनी तो नमुना पाठवला. मी सहज दाबलं. "हॅलो, रिसोडहून आपा बोलते. बादशा कसा हाय?"

मी उभी राहिले. म्हटलं, आपा? खरंच म्हटलं, मोठ्यानं. बाया बघायला लागल्या. पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. तोच आवाज, शेवटाला तसाच वर चढणारा, हाय म्हणताना तसाच घसा खरवडणारा. सगळ्या बाया गोळा झाल्या, कोणी हसतंय, कोणी डोळे पुसतंय. आणि मी खोटं बोलणार नाही, माझ्या डोक्यात परत तेच झालं जे खिडकीवर झालं होतं. कंपनीच्या बाई म्हणाल्या, त्या थकणार नाहीत मॅडम, एका सकाळी साऱ्यांना फोन होतील, कर्नाटकात कन्नडमध्ये, मध्य प्रदेशात हिंदीत. बघ ना, आपा, तू कन्नड बोलशील. साऱ्या देशातल्या पांगलेल्या जोड्या एका सकाळी. मला वाटलं आपण जिंकलो, आता समोर कोणी टिकत नाही. मी विचारलं, आपा गेली हे सांगायचं का लोकांना? बाई म्हणाल्या, तशी गरज नाही.

इम्रानला ऐकवलं. त्यानं पुन्हा एकदा लावून ऐकलं. मग म्हणाला, "अम्मीले आवडलं असतं. तिले बोलाचा शौकच होता. पन तू ठरव." आता सांग, त्यानं हो म्हटल्यावर नाही म्हणणारी मी कोण?

म्हणून मी आज सकाळी ते केलं जे मी नेहमी करते. म्हटलं, आधी तो जुना वाद संपवू. माझं बरोबर निघालं, तर धंदा धंद्यासारखा करायचा आणि कंपनीला हो म्हणायचं. तुझा बटणाचा फोन काढला आणि देवरावकाकांना लावला. मला विचारायचं होतं की तो दुसरा साज धूळ खातोय ना. तू गेल्यावर पण मला तुला हरवायचं होतं.

एका रिंगमध्ये उचलला. "बोल आपा. काल्हपासून तुह्याच फोनाची वाट पाहून राह्यलो."

मी म्हटलं, काका, मी कांचन बोलते.

"हव, हव. मंग तूच सांग तिले. म्हना, गोऱ्हा झाला तयार. तवा पोळा झाला का मी दोन्ही बजारात नेनार होतो, उरलेला बैल आन हे गोऱ्हं. ट्रॅक्टरवाल्याशी बोलनं बी झालं होतं. पन तो दुसरा साज खुंटीले होता ना. रोज सकाळी शेन काढाले गेलो का समोर तोच. म्हनलं, याले अंगावर घालनारा कोनी पाहिजे बाप्पा. मंग नाही इकला. यंदा पोळ्यात माही जोडी उभी राहीन. सांग तिले. आन म्हना, यंदा दोन्हीचा नवा साज पाहिजे, पैशाचा घेईन."

मी खाली बसले. तू फुकट माल वाटत नव्हतीस. तू एक जोडी वाचवत होतीस. मी वर्षानुवर्षं डोकं खाजवत होते की उरलेलं गिऱ्हाईक समोरच्याच्या आधी कसं गाठायचं, आणि तू एका खुंटीला झूल टांगून नवीन गिऱ्हाईक जन्माला घातलंस. हरले, आपा. पुरती हरले, आणि असा आनंद झाला की कोणाला सांगू असं झालं, आणि सांगायला तूच नव्हतीस.

काका म्हणाले, "आपा कोठी हाय? दे ना तिले."

मी सांगितलं. आपा गेली, काका. महिना होत आला.

पलीकडून घुंगरांचा आवाज येत होता, ते गोठ्यातच असावेत. मग म्हणाले, "मंग तुमचीबी जोडी मोडली म्हना."

मी म्हटलं, हव, काका.

"तिचा साज खाली उतरवू नको, पोरी. राहू दे खुंटीले. मले तिनं हेच सांगतलं होतं." आणि थोड्या वेळानं, "आन फोन? पुढल्या साली फोन कोन करनार?"

मी विचार केला नाही. म्हटलं, मी करीन.

"मंग जोरात बोलत जाजो. आपा बोले तशी. तू लय हळू बोलते."

तर ठरलं, आपा. उद्या कंपनीला सांगणार आहे: साज घ्या, साऱ्या देशात विका, पण जोडीनंच विका, आणि पार्सलावर बैलाचं नाव पाहिजे. फोन आम्ही करू. जेवढे होतील तेवढेच होतील. आणि जो विचारेल त्याला खरं सांगू. तुझा आवाज द्यायचा नाही, तो खुंटीलाच राहील. जमत असेल तर हो, नाही तर रामराम. इम्रानला सांगितलं तर तो पहिल्यांदा रडला, आणि मग म्हणाला, अम्मीनं पण असंच भांडून सांगितलं असतं.

सकाळी तो विचारत होता, अम्मीच्या स्टुलावर लेबलाचा प्रिंटर ठेवू का, जागा नाही. प्रिंटर मी खाली जमिनीवर ठेवलाय. वाकून वाकून कंबर दुखते, दुखू दे. आता मानोऱ्याला फोन लावते, बादशा कसा आहे ते विचारायला. जोरात बोलीन.